तोंडचा शब्दही पुरावाच



मागच्या उन्हाळ्यात कारंजा तालुक्यातील एका गोंड वस्तीवर बसलो होतो. साठी ओलांडलेली एक आजी म्हणाली, "भाऊ, माह्या सासऱ्यानं वाह्यलं हे वावर. तवा कोणी कागद देल्ला होता का?" तिचा वनहक्काचा दावा 'पुरावा नाही' म्हणून नामंजूर झाला होता, आणि तेही तिला कोणीतरी रस्त्यात तोंडी सांगितले होते. आपल्याकडे अशा शेतीला जबरानजोत म्हणतात. हा शब्द मला नेहमी खटकतो. ज्यांनी दगड वेचून जमीन केली, तेच जबरदस्ती करणारे ठरतात.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की अशा लोकांसाठी कायदा नाही. कायदा आहे. 2006 चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य करतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला 4 हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. तिची वनहक्क समिती शिवारात जाऊन पडताळणी करते, मग तो उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आता महत्त्वाचे. नियमांप्रमाणे दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन हा पुरावा आहे. जुना बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी हाही पुरावा आहे. अमुकच कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही. दावा नाकारला तर दावेदाराला तसे प्रत्यक्ष कळवावे लागते, कारणे नोंदवावी लागतात, आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. म्हणजे ज्याला लिहिता येत नाही, त्याचा शब्दही कायद्याने ऐकायचा आहे. अडते ते इथेच: हे आजीला कोणी सांगितलेच नव्हते.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने हे सगळे आधी शिकून घेतले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावात अभ्यासगट चालत. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होई. विनोबांच्या पवनारजवळ राहणाऱ्या आपल्याला हा विचार परका नाही. पुढे 2013 मध्ये गावाने ग्रामदानही केले. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. वनविभाग म्हणे, बांबू हे लाकूड. नव्या कायद्यात तर तो स्पष्टपणे गौण वनोपज आहे. गाव हटले नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी नियम बदलून असा परवाना देण्याचा अधिकार गावाकडेच आला.

मला गणनाच्या 27 व्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुली आठवतात. बापाला मुलगा नाही म्हणून वतन जाणार होते. त्या मोशे, याजक आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून बोलल्या. त्यांचे म्हणणे रास्त ठरले आणि सर्वांसाठी नियम बदलला. त्यांच्याऐवजी दुसरे कोणी बोलले नाही, हे माझ्यासारख्या कार्यकर्त्याने लक्षात ठेवायला हवे. आजीच्या बाजूने अर्ज लिहायची मला घाई झाली होती. ती म्हणाली, आधी ग्रामसभेत मी बोलते.

ती बोलली. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी तिच्या सासऱ्याने घातलेला बांध दाखवला. सचिवाने ते लिहून घेतले, त्यांनी अंगठे उमटवले. लेखी निर्णय मागणारा अर्ज तिने स्वतः कार्यालयात दिला. उत्तर अजून आलेले नाही. शिक्का मारलेली पोच तिने पेटीत, नवऱ्याच्या फोटोखाली ठेवली आहे.