भट्टी निवायला वेळ लागतो

कच्चे भांडे पुरते न वाळवता भट्टीत घातले, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडे फुटते. भाजून झालेली भट्टी घाईने उघडली, तर तयार मालाला तडा जातो. मातीत मिसळलेली गारगोटी ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम आकसते, म्हणून भट्टी हळूहळूच निवू द्यावी लागते. भद्रावतीत मातीकाम करणाऱ्या कुणालाही हे नव्याने सांगावे लागत नाही. गांधीविचारांचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये येथे ग्रामोदय संघ सुरू केला, तेव्हापासून विजासनची लेणी आणि भद्रनागाच्या मंदिराइतकीच झिलईच्या भांड्यांनीही या गावाला ओळख दिली. देशभरातले कलावंत येथे येऊन काम करून गेले.

मात्र भांड्याला मिळणारा हा वेळ ते घडवणाऱ्याला मिळतोच असे नाही. छोट्या कलाव्यवसायात मालक, कारागीर, विक्रेता आणि हिशेबनीस एकच असतो. नोकरदाराला आठवड्याची सुटी असते, आजारपणाची रजा असते. मालकाची रजा कोण मंजूर करणार? त्यात काम आवडीचे, त्यामुळे थकवा लवकर ध्यानात येत नाही. ‘एवढी ऑर्डर होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता वर्षे जातात.

शरीर मात्र हिशेब ठेवत असते. चाकावर वाकून कंबर आणि मनगटे धरतात. कोरड्या मातीच्या आणि झिलईच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली, तर सिलिकोसिस होतो आणि एकदा झाला की तो बरा होत नाही. टाळता मात्र येतो. जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, झिलई कालवताना चांगला मास्क लावावा, कामाचे कपडे घरात नेऊ नयेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भट्टी पहाटे किंवा रात्री पेटवावी.

रमजानच्या महिन्यात रोजेदाराच्या कामाला एक हद्द आपोआप पडते. सूर्य मावळला की हातातले काम बाजूला ठेवून आधी रोजा सोडायचा. त्यात विनाकारण उशीर करू नये, अशीच शिकवण आहे. अब्दुल्लाह बिन अम्र हे पैगंबरांचे सहकारी दररोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. पैगंबरांनी त्यांना अडवले आणि शरीराचा, डोळ्यांचा, घरच्या माणसांचाही माणसावर हक्क असतो, हे समजावले. आजारी आणि प्रवासी माणसाला तर कुरआननेच रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. इबादतीला जर मर्यादा आहे, तर धंद्याला ती नको का?

तथागत बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. गावात शेजारी राहणाऱ्या या साऱ्या परंपरा अखेर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. ऑर्डरची तारीख देताना वाळण्याचे, भाजण्याचे आणि निवण्याचे दिवस धरावेत. त्यातच स्वतःच्या विश्रांतीचा दिवसही धरावा. भांड्याच्या किमतीत माती आणि इंधनाबरोबर स्वतःची मजुरी मांडावी, नाहीतर तोटा भरून काढायला रात्री जागाव्या लागतात. रात्री ठरल्या वेळेनंतर ग्राहकाचा फोन सकाळवर टाकावा. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे तुटेलही. पण नवे गिऱ्हाईक मिळू शकते, नवे फुप्फुस मिळणे अवघड आहे.

ईदचा चंद्र दिसेल, महिना संपेल, बाजारात गर्दी होईल. संध्याकाळी ठरल्या वेळी चाक थांबवून घरच्यांसोबत बसण्याची सवय तेवढी ईदनंतरही टिकवावी.