छतावरचा एरियल आणि वहीतले एक पान

मागच्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले होते. रक्तदाब तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, शेजारच्या मुलाने हॅम रेडिओचे लायसन्स काढले आहे. गच्चीवर भला मोठा एरियल उभा केलाय. आमच्या घरात नातवंडे आहेत. त्या लहरींनी काही होत तर नाही ना?"

अगदी हाच प्रश्न मला 2022 साली दिवाळीच्या सुमारास अमेरिकेत, पुतण्याच्या घरी विचारला गेला होता. तेव्हा मलाही उत्तर ठाऊक नव्हते. चार दिवस बसून वाचले, गणित केले. ते आज सांगतो.

हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या घरातून बिनतारी संदेश पाठवणारा हौशी माणूस. छंद उपयोगाचा आहे. 2001 च्या गुजरात भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा या मंडळींनी निरोप पोचवण्याचे मोठे काम केले. माझ्या पुतण्यालाही हा छंद आहे. त्याने घराच्या माळ्यावर, छपराखाली, एक तार बांधली होती. तिच्या बरोबर खाली, दोन मीटरवर, त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा पलंग होता. सूनबाई मला म्हणाली, "काका, पोरगी त्या तारेखाली झोपते. तुम्हीच सांगा याला."

कोणता एरियल, कसली भीती?

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या घरावरची डिश, जुना टीव्हीचा एरियल, रेडिओची तार ही सगळी ऐकणारी साधने. ती हवेतल्या लहरी गोळा करतात, सोडत नाहीत. त्यांच्यापासून लहरींचा धोका नाही. प्रश्न येतो तो लहरी सोडणाऱ्या एरियलचा.

या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत. शरीरातल्या अणूंना फोडण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. लहरी शरीरात शोषल्या गेल्या की तो भाग तापतो. रक्त फिरते तिथे ही उष्णता वाहून नेली जाते. डोळ्याचे भिंग आणि पुरुषांचे अंडकोश यांना ती सोय कमी, म्हणून त्यांना जपायचे. शिवाय संदेश चालू असताना उघड्या तारेला हात लागला तर भाजते, आणि ही जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असू शकते.

कॅन्सरचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. घाबरून जाऊ नये, आणि विनाकारण जवळही जाऊ नये, इतकाच बोध त्यातून घ्यावा.

मर्यादा कशी ठरली?

शरीराच्या दर किलो वजनामागे 4 वॅट शक्ती शोषली गेली, तर प्राण्यांच्या वागण्यात फरक पडतो असे प्रयोगांत दिसले. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने हा आकडा पायाभूत धरला. या क्षेत्रात जाणतेपणी काम करणाऱ्यांसाठी त्याच्या दहावा भाग, आणि सर्वसामान्यांसाठी पन्नासावा भाग, म्हणजे दर किलोला 0.08 वॅट, ही मर्यादा ठेवली.

सगळ्या लहरी शरीरात सारख्या शोषल्या जात नाहीत. माणसाची उंची आणि लहरींची लांबी यांचा मेळ जमला की शोषण वाढते. म्हणून 30 ते 300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नियम सर्वांत कडक आहे.

घरच्यांना जाणत्यांच्या गटात धरायला हा नियम परवानगी देतो, मात्र त्यांना नीट माहिती दिलेली असली पाहिजे. शेजारी आणि पाहुणे कायम कडक मर्यादेत. माझे मत असे की, सहा वर्षांच्या मुलीला माहिती देऊन काय उपयोग? मुले असलेल्या घरात सगळ्यांना कडक मर्यादाच लावावी.

पुतण्याचा तक्ता

पुतण्या मात्र निर्धास्त होता. म्हणाला, "काका, माझ्या पट्ट्यावर 50 वॅटपर्यंत तपासणी लागतच नाही. तक्त्यात दिलंय." तक्ता खरा होता, पण जुना. 1998 पासून अमेरिकेतल्या हॅम मंडळींना ठरावीक वॅटच्या आत अशी सूट होती. तार डोक्यावर आहे की दूर झाडावर, हे तो तक्ता विचारत नसे. ही सूट 3 मे 2021 रोजी संपली. आधीपासून चालू असलेल्या केंद्रांना नव्या नियमाने तपासणी करायला 3 मे 2023 पर्यंत मुदत दिली गेली. पुतण्याकडे सहा महिने उरले होते.

तपासणी म्हणजे घरी माणूस येऊन यंत्र लावतो असे नाही. मोजमाप सक्तीचे नाही, कागदावर गणित केले तरी चालते. नव्या नियमात अंतराला मान आहे. 1.34 ते 30 मेगाहर्ट्झसाठी सूत्र असे: अंतराचा (मीटरमध्ये) वर्ग करा, त्याला 3450 ने गुणा आणि मेगाहर्ट्झच्या वर्गाने भागा. येईल तितक्या वॅटपर्यंत पुढची तपासणी माफ. अंतर फारच कमी असेल तर हे सूत्र लागू होत नाही. पुतण्याच्या पट्ट्यावर ती किमान हद्द सुमारे 1.7 मीटर येते.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडे मांडले. 28 मेगाहर्ट्झ, 2 मीटर. उत्तर आले साधारण साडेसतरा वॅट. आता वॅट धरायचे ते अर्ध्या तासाच्या सरासरीने. पुतण्या माइकवर बोलतो तेव्हा आवाजाच्या चढउतारामुळे 50 वॅटचे सरासरी 10 वॅटच होतात. त्यातही तो निम्मा वेळ ऐकतो, म्हणजे उरले 5 वॅट. सूट मिळाली! पण रात्री, मुलगी झोपल्यावर, तो कॉम्प्युटर जोडून संदेश पाठवायचा. पंधरा सेकंद पाठवणे, पंधरा सेकंद ऐकणे, आणि पाठवताना पूर्ण जोर. सरासरी 25 वॅट. साडेसतराच्या बरीच वर.

सूट गेली म्हणजे धोका सिद्ध झाला असे नव्हे. सविस्तर तपासणी करणे भाग पडते, इतकेच. पण पुतण्याने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तार माळ्यावरून काढून मागच्या अंगणात दोन झाडांमध्ये बांधली. आता कुणीही सहा मीटरच्या आत येत नव्हते. अंतर तिप्पट झाले आणि सुटीची मर्यादा नऊपट, सुमारे 158 वॅट. खर्च दोरीचा.

नोंद कशासाठी?

हे गणित कमिशनकडे पाठवावे लागत नाही, तसा छापील फॉर्मही नाही. नियम पाळण्याची जबाबदारी मात्र परवानाधारकावर असते, म्हणून हिशेब लिहून ठेवावा. डॉक्टर या नात्याने मला ही सवय पटते. केसपेपर नसेल तर मागच्या वेळी काय दिले ते कुणालाच आठवत नाही. पुतण्याने वहीत एक पान केले: तारीख, पट्टा, वॅट, संदेशाचा प्रकार, तारेची जागा व उंची, घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे सर्वांत जवळचे अंतर, आणि उत्तर. नवे यंत्र आले, तार हलवली किंवा वॅट वाढवले की नवे पान. त्याचे चुकले होते ते इथेच. बोलण्याऐवजी कॉम्प्युटर जोडला, पण हिशेब पुन्हा केला नाही.

लक्षात ठेवा

हा नियम अमेरिकेचा आहे. पण अंतर वाढले की लहरींचा जोर उतरतो, हे सगळीकडे सारखेच. म्हणून:

- लहरी सोडणारा एरियल शक्य तितका उंच व माणसांपासून लांब असावा. झोपण्याच्या खोलीलगत नको.
- संदेश चालू असताना तारेला हात लावता येईल अशी ती बांधू नये.
- हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आपल्या तज्ज्ञाला विचारून ठेवावे.
- वीजवाहिन्यांजवळ एरियल उभा करू नये. तो तारांवर पडला तर लहरींपेक्षा विजेनेच माणूस आधी जाईल.

त्या गृहस्थांना मी सांगितले, "शेजारच्या मुलाला चहाला बोलवा. वॅट किती, पट्टा कोणता, किती वेळ आणि आमच्या गच्चीपासून किती लांब, हे चार प्रश्न विचारा." परवा ते पुन्हा आले होते. मुलाने टेप आणून दोन्ही गच्च्यांमधले अंतर मोजले, आणि टेपचे दुसरे टोक नातवाने धरले होते.