परीक्षकांची परीक्षा घेणारा कुलगुरू

सर फिलिप हार्टोग हे नाव आपल्याकडे कोणाला आठवलेच, तर ते गांधीजींशी झालेल्या एका वादाच्या निमित्ताने आठवते. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनच्या चॅटम हाउसमध्ये बोलताना, इंग्रजी अंमलात हिंदुस्थान पूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला असे विधान गांधीजींनी केले, तेव्हा श्रोत्यांतून उठून त्या विधानाचा पुरावा मागणारे गृहस्थ ते हेच. पुढे कित्येक वर्षे दोघांत पत्रव्यवहार चालला, १९३९ साली हार्टोग यांनी आपली बाजू ग्रंथरूपाने मांडली, आणि १९८३ मध्ये धरमपाल यांनी कंपनी सरकारच्याच दफ्तरातील कागदपत्रे पुढे आणून ते प्रकरण पुन्हा उभे केले. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा इरादा नाही. जुन्या प्रश्नपत्रिका जमवण्याचा व्यर्थ म्हणावा असा छंद मला फार दिवसांपासून आहे, आणि त्या छंदाच्या आडवाटेने मला जे हार्टोग भेटले ते निराळेच होते. परभाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखनाचे मोल कसे करावे, या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेला हा मनुष्य गांधीजींचा प्रतिपक्षी म्हणून स्मरणात राहावा आणि परीक्षापद्धतीचा मर्मज्ञ म्हणून विस्मृतीत जावा, हा मला इतिहासाचा अन्याय वाटतो.

हार्टोग मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. मँचेस्टरला ते हा विषय शिकवीत आणि नंतर लंडन विद्यापीठाचे कुलसचिव झाले. १९०७ साली त्यांनी इंग्रजी लेखनाच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले, आणि त्यातील त्यांची फिर्याद प्रयोगशाळेत वावरलेल्या माणसाला शोभेल अशी सरळ आहे. फ्रान्समधील शाळांत मातृभाषेचे लेखन कसे शिकवतात हे त्यांनी पाहिले होते, आणि त्याच्या तुलनेत इंग्लंडातील निबंध त्यांना निराधार वाटला. कारण तेथे मुलाला विषय तेवढा दिला जातो, पण हे कोणासाठी लिहायचे आणि वाचणाऱ्याने ते वाचून काय करायचे, याविषयी एक अक्षरही सांगितले जात नाही. वाचक आणि प्रयोजन यांवाचून केलेले लेखन ही केवळ शब्दांची कवाईत होय, असे त्यांचे म्हणणे होते.

या फिर्यादीला सहा वर्षांनंतरची एक प्रश्नपत्रिका जणू साक्षीदार म्हणून हजर होते. १९१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने परकीयांच्या इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, ध्वनिशास्त्र आणि शेवटी तोंडी परीक्षा, असा एकूण १२ तासांचा तो मामला होता. निबंधासाठी सुचवलेल्या विषयांत १८५७ चे बंड होते, स्थानिक स्वराज्याचा विकास होता, आणि एका ठिकाणी तर नुसते मॅथ्यू अर्नोल्ड या लेखकाचे नाव लिहून प्राश्निक मोकळा झाला होता! परक्या देशातून आलेल्या उमेदवाराने त्या नावाचे पुढे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. परीक्षेला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले.

हार्टोग यांचा हिंदुस्थानशी संबंध आला तो १९१७ मध्ये, कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचे सभासद म्हणून. त्या आयोगाचा १९१९ चा अहवाल अनेक खंडांत पसरलेला असून त्यातील प्रशासनाची प्रकरणे मी सरळ ओलांडून गेलो. परंतु कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतून दिलेले व्याख्यान कळत नाही, ही त्यातील व्यथा आजही ताजी आहे. माध्यमिक शाळांत इंग्रजी आणि गणित वगळता मातृभाषेतून शिकवावे आणि विद्यापीठात इंग्रजी ठेवावी, अशी मधली तजवीज आयोगाने सुचवली. त्याच सुमारास, १९१६ साली, अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढून उच्च शिक्षणही मातृभाषेतून देता येते आणि इंग्रजी एक विषय म्हणून राखता येते, असा अधिक धीट मार्ग प्रत्यक्षात आणला होता. सरकारी आयोगापेक्षा कर्व्यांची दृष्टी मला दूरची वाटते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

आयोगाच्या शिफारशीतून उभ्या राहिलेल्या ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून हार्टोग १९२० मध्ये तेथे गेले. त्याच शहरात शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते मायकेल वेस्ट, आणि इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात ढाक्याचे नाव राहिले ते वेस्ट यांच्यामुळे. १९२६ साली सरकारच्या शिक्षण-विभागाने त्यांचा बंगालमधील द्वैभाषिकतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी अहवालांच्या रुक्ष मालिकेत छापलेल्या त्या पानांत एक विलक्षण मानवी प्रश्न विचारलेला आहे. शंभर मुले इंग्रजी शिकू लागतात, त्यांतली बहुतेक मॅट्रिकच्या फार अलीकडे शाळा सोडतात. तर मध्येच गळलेल्या त्या मुलाच्या पदरात काय पडले? विम्याचे हप्ते मधूनच थांबवणाऱ्याला काही रक्कम परत मिळते, त्या सरेंडर व्हॅल्यूचा हिशेब वेस्ट यांनी शिक्षणाला लावला. दोन वर्षे संभाषण घोकून शाळा सोडलेल्या खेड्यातील मुलाशी इंग्रजी बोलणार कोण? तेच त्याला वाचता येऊ लागले असते, तर ज्ञानाचा एक दरवाजा त्याच्यासाठी उघडा राहिला असता. म्हणून आधी वाचन, आणि वाचनासाठी मोजक्या शब्दांची, नवा शब्द बेताने आणणारी पुस्तके, असा त्यांचा सिद्धांत होता. १९५३ मध्ये त्यांनी संपादित केलेली सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी हे त्याच विचाराचे फळ, आणि २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय ग्रंथांतून निवडलेल्या ५७० शब्दकुलांची यादी तिच्याच पायावर उभी आहे. वाचनावरचा वेस्ट यांचा भर एकांगी होता हा आक्षेप मला मान्य आहे. पण अर्ध्यावर सुटणाऱ्याचा हिशेब मांडणारे शिक्षणशास्त्रज्ञ किती झाले?

हार्टोग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९२९ च्या समितीनेही गळतीचाच हिशेब मांडला. पहिलीतील १०० मुलांपैकी तीन वर्षांनी चौथीत १८ च पोहोचतात, हा त्या अहवालातील आकडा पुढे सर्वतोमुखी झाला, आणि माध्यमिक शिक्षणावर मॅट्रिकच्या परीक्षेने बसवलेल्या पकडीवरही समितीने बोट ठेवले. मात्र हार्टोग यांचे खरे धाडस त्यांनी हिंदुस्थान सोडल्यानंतर दिसते. कार्नेगी यांच्या निधीतून १९३० नंतर अनेक देशांत परीक्षापद्धतीची चौकशी सुरू झाली. तिच्या इंग्लंडमधील कामाची सूत्रे हार्टोग यांच्याकडे होती आणि जुने सहकारी सॅडलरही त्या कामात होते. १९३५ मध्ये हार्टोग आणि संख्याशास्त्रज्ञ ऱ्होड्स यांनी प्रसिद्ध केलेली छोटेखानी पुस्तिका मी प्रथम वाचली, तेव्हा मला रहस्यकथा वाचल्याचा भास झाला. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या, आणि त्याही अशा की मूळ परीक्षेत त्या सर्वांना एकच मध्यम प्रतीचे गुण पडलेले. त्या उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि वर्ष-दीड वर्ष लोटल्यावर त्याच उत्तरपत्रिका त्यांतील १४ परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. १५ उत्तरपत्रिका, १४ परीक्षक, म्हणजे निर्णय २१०. आणि त्यांपैकी ९२ निर्णय बदलले. नापास झालेला पास झाला, पास झालेला विशेष श्रेणीत गेला, किंवा याच्या उलट घडले. दोन परीक्षकांत मतभेद असतो हे जगाला ठाऊक होते. पण एकच परीक्षक एकाच कागदावर स्वतःशी इतका असहमत होतो, हे आकड्यांनी सिद्ध होताच विद्वानांत खळबळ उडाली.

आणि हे होते मातृभाषेत लिहिणाऱ्या मुलांच्या बाबतीत! परभाषेत लिहिणाऱ्याच्या कागदावर आणखी एक पडदा असतो. विषय कच्चा की भाषा कच्ची, याचा उलगडा परीक्षकाला होत नाही, आणि बहुधा तो करून घेण्याची त्याला फुरसतही नसते. १९८० मध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या परीक्षेत या अडचणीवर एक उमदा उपाय योजला होता. वैद्यक, तंत्रविद्या, सामाजिक शास्त्रे असे विषयवार विभाग पाडून, उमेदवार ज्या विषयात शिकणार त्याच विषयाच्या उताऱ्यावर त्याची परीक्षा घ्यायची, अशी ती योजना होती. परंतु विषयांच्या सीमा नीट आखता येईनात आणि कारभारही अवजड झाला. तेव्हा १९८९ मध्ये आयईएलटीएस हे नाव घेताना विभाग तीनावर आले आणि १९९५ मध्ये सर्व विद्याशाखांसाठी एकच विभाग उरला. आज पुण्यात गल्लोगल्ली ज्याचे क्लास चालतात तो हाच अवतार. त्यातील लेखनाला चार निकषांवर श्रेणी मिळते, परीक्षकांना प्रशिक्षण असते, त्यांच्या तपासणीवर देखरेख असते. ही हार्टोग यांच्या तक्रारीची फलश्रुती म्हणता येईल. पण २५० शब्दांचा तो निबंध कोणासाठी लिहायचा, हा त्यांचा १९०७ मधला सवाल क्लासमध्ये साचेबंद परिच्छेद पाठ करणाऱ्या मुलापुढे तसाच उभा आहे.

गांधीजींकडे आकडे मागणाऱ्या हार्टोग यांच्यात साम्राज्याच्या वकिलाचा ताठा होता, हे मी नाकारत नाही. परंतु तोच आग्रह त्यांनी स्वतःच्या विद्यापीठीय जातभाईंकडे वळवला, आणि ज्या परीक्षांच्या बळावर साम्राज्याचा कारभार चालत होता त्यांचीच विश्वसनीयता चव्हाट्यावर आणली. ही निःस्पृहता दुर्मिळ होय. आपल्या देशात २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला आहे. त्याच्या पुढचे पाऊल विद्यापीठांनी टाकावे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत उत्तरे लिहिणाऱ्या मुलांच्या काही उत्तरपत्रिका दरवर्षी नावे झाकून त्याच परीक्षकांकडे वर्षभराने पुन्हा पाठवाव्यात, आणि किती निर्णय बदलले तो आकडा निकालाबरोबर छापावा. खर्च थोडा आहे. हवे आहे ते फक्त हार्टोग यांच्याइतके धैर्य.