शेक सुरू असताना येणारा थकवा

रेडिएशनचा, म्हणजे 'शेक' देण्याचा थकवा पहिल्या दिवशी जाणवत नाही. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तो साठत जातो, उपचार संपताना सर्वाधिक असतो आणि नंतरही काही आठवडे रेंगाळतो. त्यामुळे आजार वाढला, असे घाबरून समजू नये.

नाहूरहून परळच्या टाटा रुग्णालयात आठवड्याचे पाच दिवस जायचे, तर प्रवासच निम्मे बळ खातो. नाहूरला फक्त धीमी लोकल थांबते. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. रुग्णालयाचे पत्र जवळ असू द्या. जिना सावकाश चढा, सोबत कोणीतरी हवेच.

घरी आल्यावर दिवसभर पडून राहिल्याने स्नायू सैलावतात, थकवा वाढतो. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे चाला, झेपेल तसे वाढवा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. स्वयंपाक, धुणे घरच्यांनी बिनबोभाट वाटून घ्यावे, विशेषतः रुग्ण घरातली बाई असेल तेव्हा.

धाप, चक्कर, ताप असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन तपासावे लागेल. हाडांत आजार असल्यास आधी विचारूनच व्यायाम सुरू करा.