रिंगणातल्या चाली

ब्लूग्रास संगीताविषयी वाचू लागलो तेव्हा माझं सगळं लक्ष मंचावर होतं. बिल मन्रो, अर्ल स्क्रग्ज, त्यांची ध्वनिमुद्रणं. महोत्सवाचा मोठा भाग मंचापासून दूर, तंबू आणि मोटारींच्या मधल्या जागेत घडतो, हे फार उशिरा ध्यानात आलं. १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे कार्लटन हेनी यांनी अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरवला. आज अशा महोत्सवांत अनोळखी माणसं बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार घेऊन रिंगण धरतात आणि रात्र रात्र वाजवतात. यालाच जॅम म्हणायचं.

तालीम नाही, कागद नाही. तेव्हा चाल सगळ्यांना आधीच ठाऊक हवी. या चाली बहुधा दोन भागांच्या. प्रत्येक भाग आठ बारचा, दोनदा वाजवायचा. बत्तीस बारांत आवर्तन पुरं. मग पाळी शेजाऱ्याकडे जाते आणि बाकीचे आवाज खाली आणून साथ धरतात.

‘ओल्ड जो क्लार्क’ जवळजवळ प्रत्येक रिंगणात वाजते. तिच्यातला निषाद कोमल. आपल्याकडचा कान तिला खमाज थाटात बसवील. ‘सोल्जर्स जॉय’ अटलांटिकपलीकडून आलेली. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सनेही ही चाल वापरली होती. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ मात्र नव्याने रिंगणात बसलेल्याची परीक्षाच पाहते. १९४९ च्या मूळ ध्वनिमुद्रणात स्क्रग्ज यांचा बँजो ई मायनर वाजवतो आणि लेस्टर फ्लॅट यांची गिटार ई मेजर. ती टक्कर चूक की गंमत, यावर वादक अजून हुज्जत घालतात. मला ती गंमत वाटते. पण ही चाल भलत्या वेगात सुरू करून चार जणांना गप्प बसवणारा वादक कितीही तयारीचा असो, जॅमला तो कामाचा नाही.

नवख्यासाठी ‘अँजेलिन द बेकर’ बरी. दोन कॉर्डांत भागते, आणि चालीत बहुतेक वेळा भूपाचेच पाच स्वर येतात. मीही घरी हार्मोनियमवर ती सहज वाजवली आणि दिवसभर गुणगुणत राहिलो. नंतर तिचं मूळ शोधलं. स्टीफन फॉस्टरने १८५० साली ‘अँजेलिना बेकर’ हे गाणं लिहिलं ते मिन्स्ट्रेल खेळासाठी, म्हणजे तोंडाला काळं फासून गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करायच्या रंगमंचासाठी. गाण्यात एक गुलाम विलाप करतो. त्याच्या प्रियेला मालकाने दूर धाडलं आहे. ज्या बँजोवर ती चाल आज हसतखेळत वाजते, त्या वाद्याचे पूर्वजही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातांतलेच.

ती चाल वाजवूच नये, असं मी म्हणणार नाही. शब्द बहुतेक रिंगणांतून केव्हाच गळून गेले आहेत आणि चालीने वेगळा जन्म घेतला आहे. पण नवख्याला पहिली चाल म्हणून ती शिकवताना दोन कॉर्डांबरोबर एवढी हकिकतही सांगावी. दोन मिनिटांचं काम आहे. मी हार्मोनियमवर अजून ती वाजवतो, फक्त लय आता आपोआप उतरते.