इथरनेटचे रहाटगाडगे

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलात, की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगाव येते. तेथून थोड्याच अंतरावर खोडद गावापाशी तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. ही आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्या तबकड्या ३० आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत.

इतक्या दूरच्या तबकडीला आज्ञा कशी द्यायची? वारा फार वाढला, की तबकडीचे तोंड थेट माथ्याकडे करून तिला थांबवावे लागते. अशा वेळी निरोप पोहोचलाच पाहिजे! दुर्बिणीची सुधारणा झाली, तेव्हा या कामासाठी इथरनेटने जोडता येणारे छोटे संगणक तबकड्यांपाशी बसवण्यात आले.

इथरनेट म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडण्याची पद्धत. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी ती सुचवली. यंत्राच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकावरही एक आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टिम चालते. पण गंमत अशी, की समोर इथरनेटची कोणती चिप आहे, हे त्या सिस्टिमला मुळीच ठाऊक नसते. ते ठाऊक असते ‘ड्रायव्हर’ नावाच्या लहानशा प्रोग्रॅमला. सिस्टिम म्हणते, “हा निरोप पाठव.” त्यासाठी चिपच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहायचा, ते ड्रायव्हर जाणतो. मात्र त्याला आधी काही गोष्टी नीट सांगून ठेवाव्या लागतात. त्यांतल्या तीन पाहू.

पहिली गोष्ट पत्ता. इथरनेटवरील प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा पत्ता असतो. असे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होऊ शकतात! पत्त्याचा पहिला अर्धा भाग सहसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा असतो. पुष्कळ छोट्या चिपांना स्वतःचा पत्ता नसतो. ड्रायव्हरने तो स्मृतीतून वाचून चिपला द्यायचा असतो. चुकून दोन यंत्रांना एकच पत्ता दिला तर? एकाचे पत्र कधी याच्या घरी, तर कधी त्याच्या!

दुसरी गोष्ट बोलण्याची रीत. दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायचे, की एका वेळी एकानेच? तांब्याच्या तारेवर बहुधा दोन्ही टोके हे आपसांत ठरवून घेतात. पण समजा, एका टोकाला आपण ‘दोघांनीही बोला’ असे कायमचे ठरवून दिले. मग ते वाटाघाटीला उत्तरच देत नाही. दुसरे टोक बिचारे जपून ‘एका वेळी एकच’ हा नियम धरते. पहिले मध्येच बोलते, दुसऱ्याला ती टक्कर वाटते आणि निरोप फुकट जातात. फसवी बाब अशी, की छोटे निरोप नीट जातात म्हणून सारे ठीक वाटते. काम वाढले, की जाळे रांगू लागते.

तिसरी गोष्ट गाडग्यांची! विहिरीवरचा रहाट आठवा. गाडगी भरून वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. ड्रायव्हर संगणकाच्या स्मृतीत अशीच कप्प्यांची माळ तयार करतो. आलेला निरोप चिप एका कप्प्यात भरते आणि घंटा वाजवल्यासारखी प्रोसेसरला खूण करते. प्रोसेसर हातातले काम थांबवून कप्पा रिकामा करतो.

आता हिशेब करू. सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या इथरनेटवर सर्वांत छोटा निरोप, दोन निरोपांमधले अंतर धरून, ६७२ बिटांची जागा घेतो. म्हणजे ६.७२ मायक्रोसेकंद. कप्पे १६ असतील, तर असे निरोप सलग आल्यावर ते सारे सुमारे १०८ मायक्रोसेकंदांत भरतात. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही, तर पुढचा निरोप सांडला. मग कप्पे भरपूर ठेवावेत ना? पण छोट्या संगणकाची स्मृतीही छोटीच. तेव्हा ड्रायव्हरला योग्य आकडा विचार करूनच द्यावा लागतो.

खोडदला आणखी एक अडचण. तांब्याच्या तारेतून या वेगाने निरोप धावू लागले, की सेकंदाला १२.५ कोटी चिन्हे सुटतात. त्यामुळे १२५ मेगाहर्ट्झपाशी आणि त्याच्या पटीत रेडिओ गोंगाट होऊ शकतो. आणि दुर्बीण तर १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्येच दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकत असते! म्हणून तबकड्या आणि मध्यवर्ती केंद्र यांच्यामध्ये प्रकाशतंतू टाकलेले आहेत. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश असा गोंगाट करीत नाही. यंत्रेही धातूच्या पेट्यांत बंद ठेवतात. मात्र सेकंदाला १० कोटी बिटांच्या तंतूवरील इथरनेटमध्ये तारेसारख्या वाटाघाटी होत नाहीत. तेव्हा बोलण्याची रीत ड्रायव्हरला आपणच सांगायची.

करून पाहा : शाळेतील दोन-तीन संगणकांचे ४८ बिटांचे पत्ते शिक्षकांच्या मदतीने शोधून वहीत लिहा. कोणाचा पहिला अर्धा भाग सारखा निघतो? आणि सांगा पाहू, कप्पे ३२ केले, तर ते किती वेळात भरतील?