पैसे मोजूनही ‘मर्यादा संपली’

रीतसर पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावे, पावती आणि प्रॉडक्ट की जपून ठेवावी, आणि जुना संगणक बंद पडल्यावर नव्यावर ती टाकताच पडद्यावर यावे की ॲक्टिवेशनची मर्यादा संपली आहे. तोक्योच्या निशी-कासाईतले मराठी कुटुंब असो की पुण्यातला डीटीपीवाला, मनस्ताप सारखाच. त्याहून वाईट म्हणजे बहुतेक माणसे स्वतःलाच दोष देतात. आपण काहीतरी नियमबाह्य केले असावे, असे वाटून गप्प बसतात. या गप्प बसण्यामागे काही पक्के गैरसमज आहेत, आणि ते तपासायला जपानसारखा देश नाही. गाण्याच्या सीडीपासून व्हिडिओ गेमपर्यंत हा वाद तिथे बाजारातही झाला आणि न्यायालयातही.

गैरसमज : किती संगणकांवर चालवायचे हे कायदा ठरवतो

कायद्यात असा आकडाच नाही. जपानच्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण संगणक प्रोग्रामना स्पष्टपणे मिळाले ते 1986च्या जानेवारीपासून. त्याच कायद्यात एक कलम असे आहे की प्रोग्रामची प्रत ज्याच्या मालकीची आहे, त्याला ती स्वतःच्या संगणकावर चालवण्यासाठी आवश्यक तेवढ्या नकला करता येतात. ‘आवश्यक तेवढ्या’, म्हणजे एक, दोन किंवा तीन असे काही नाही. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातही कलम 52 खाली, कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याला तो वापरण्यासाठी आणि हरवण्याच्या किंवा खराब होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करण्याची मुभा आहे. मग आकडा येतो कुठून? आपण न वाचता ‘मान्य आहे’ म्हणतो त्या करारातून. आणि करार लिहितो विक्रेता.

याचा सगळ्यात ठळक पुरावा मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये आहे. एकदाच पैसे भरून घ्यायचे ऑफिस 2019 किंवा 2021 बहुतेक देशांत एकाच संगणकासाठी मिळत असे. जपानमध्ये तेच ऑफिस एका व्यक्तीला दोन संगणकांवर चालवता येते. प्रोग्राम तोच, कंपनी तीच, देश बदलला की आकडा बदलला. त्याच जपानमध्ये, दुकानात नव्या लॅपटॉपबरोबर आधीच घालून दिलेले ऑफिस मात्र त्या एका यंत्राशी कायमचे बांधलेले असते. लॅपटॉप गेला की ऑफिसही गेले. तोक्योच्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून लॅपटॉप घेणाऱ्या आपल्या मंडळींनी हा फरक खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावा. खोक्यावर दोन्ही ठिकाणी ‘ऑफिस’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते.

दुसरे उदाहरण सोनीचे. प्लेस्टेशन 3 वर डाउनलोड करून घेतलेला गेम एका खात्यावरून पाच यंत्रांवर चालत असे. 2011च्या 18 नोव्हेंबरपासूनच्या खरेदीसाठी हा आकडा पाचावरून दोनवर आणला गेला. यंत्रात काही बदलले नव्हते, कायद्यातही नाही. कंपनीने ठरवले, एवढेच.

गैरसमज : मर्यादा चोरांसाठी आहे, प्रामाणिक माणसाला तिची झळ लागत नाही

झळ लागते ती मुख्यतः प्रामाणिक माणसालाच. ॲक्टिवेशन माणसे मोजत नाही, यंत्रे मोजते. संगणकातल्या सुट्या भागांच्या खुणा एकत्र करून एक ओळख बनवली जाते आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते. हार्ड डिस्क जळाली, दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, व्हायरसमुळे सगळे फॉरमॅट करावे लागले, की पुष्कळदा तुमचाच जुना संगणक सर्व्हरला नवा दिसतो. तुमची एक जागा खर्ची पडते. आणि जी यंत्रे भंगारात गेली, त्यांनी अडवलेली जागा कुणी आपणहून मोकळी करत नाही, कारण मेलेल्या यंत्रावर ‘डिॲक्टिवेट’चे बटण दाबणार कसे? तीन-चार वर्षे एकच सॉफ्टवेअर इमानदारीने वापरणारा, यंत्राची दुरुस्ती करून करून वापरणारा माणूस अशा रीतीने मर्यादेला जाऊन पोचतो. त्याने कुणालाही फुकट प्रत दिलेली नसते.

चोराचे काय होते? 2001मध्ये विंडोज एक्सपीने घराघरांत ॲक्टिवेशन आणले. पण मोठ्या कंपन्यांना एकगठ्ठा विकायच्या आवृत्तीला ते लागत नव्हते, आणि त्या आवृत्तीची एक की एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटून जगभर पसरली. ज्याने चोरले त्याला ॲक्टिवेशनचा पडदा दिसलाच नाही. ज्याने पैसे भरले त्याने फोनवरून लांबलचक आकडे वाचून दाखवले. 2008मध्ये ‘स्पोअर’ या अमेरिकी गेमला तीन संगणकांची मर्यादा होती. गिऱ्हाइकांचा संताप उसळल्यावर ती पाचवर न्यावी लागली, आणि तोवर त्याची कुलूप तोडलेली प्रत इंटरनेटवर मुबलक झाली होती.

मर्यादेचा काहीच उपयोग नाही असे मी म्हणत नाही. एकाच कीवर सबंध ऑफिस चालवणारे लोक असतात, आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे त्यात खरोखर नुकसान होते. तशा सरसकट वाटपाला मर्यादेने आळा बसतो. पण त्यासाठी मेलेले यंत्र मोजण्याची गरज नसते.

गैरसमज : कंपनीने एकदा ठरवले की बदलत नाही

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो माणसाला तक्रार करण्यापासूनच परावृत्त करतो. जपानचा इतिहास नेमका उलटा आहे.

2002मध्ये एवेक्स या कंपनीने संगणकावर नक्कल होऊ न देणाऱ्या गाण्याच्या सीडी आणल्या. पुढच्या वर्षी जानेवारीत सोनी म्युझिकने त्यावर कडी केली. ‘लेबल गेट सीडी’ नावाच्या या तबकडीला स्वतःची वेगळी ओळख होती. ती संगणकात घातली की इंटरनेटवरून पडताळणी होई. पहिल्यांदा गाणी संगणकात उतरवणे फुकट, दुसऱ्यांदा उतरवायची तर पैसे. म्हणजे दुकानातून पूर्ण किमतीला घेतलेल्या सीडीवर ॲक्टिवेशनची मर्यादा! शिवाय ही सोय फक्त विंडोजवर. मॅक असलेल्याला ती गाणी उतरवताच येत नव्हती, आणि आयपॉड तेव्हा जपानमध्ये जोरात खपत होता. ऐकणारे भडकले. काही वादक-गायकांनीही आपले संगीत अशा तबकडीवर नको म्हणून सांगितले. दोन वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच 2004च्या नोव्हेंबरपासून सोनी म्युझिकने ही पद्धत गुंडाळली आणि कंपनी साध्या सीडीकडे परतली.

दुसरा बदल संथ झाला, पण संगीतकारांच्या दृष्टीने मोठा होता. क्यूबेस हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर जर्मनीच्या स्टाइनबर्गचे. 2005पासून ही कंपनी हामामात्सूच्या यामाहाची आहे. क्यूबेस चालवायला वर्षानुवर्षे यूएसबीचे डाँगल खोचून ठेवावे लागे. मराठी डीटीपी केलेल्यांना डाँगल सांगायला नको. ते हरवले की परवानाही हरवे, आणि स्टुडिओतून घरी, घरून कार्यक्रमाला जाताना हजारोंच्या सॉफ्टवेअरचा जीव त्या अंगठ्याएवढ्या काडीत असे. वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. 2022च्या मार्चमध्ये क्यूबेस 12 आले ते डाँगलशिवाय, आणि एका परवान्यावर तीन संगणकांची मुभा घेऊन. आता परवाना जोडलेला असतो तो खात्याला, हातातल्या वस्तूला नव्हे.

तोकुशिमाच्या जस्टसिस्टिम्सनेही आपल्या एटोक या जपानी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी एका माणसाला दहा उपकरणांपर्यंत चालू दिली आहे. माणसामागे परवाना द्यायचा, यंत्रामागे नाही, हे जमते, आणि त्यात धंदा बुडत नाही.

गैरसमज : माझे आहे, तर वापरून झाल्यावर विकता येईल

इथे कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलला आहे, पण तंत्राने त्याला बगल दिली. जपानमध्ये गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांना न्यायालयात खेचले होते. 25 एप्रिल 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीच्या वाटपावरचा कंपनीचा हक्क संपतो. जुना गेम विकणे कायदेशीर आहे. युरोपीय न्यायालयाने 2012मध्ये डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरबाबतही असाच कौल दिला, अट एवढीच की विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करावी. पण की एकदा खात्याला जोडली गेली की हातात विकण्याजोगे काही उरतच नाही. तबकडी विका, ती नुसती प्लास्टिकची चकती.

यातून उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. मर्यादेला कंटाळून लिलावाच्या साइटवरून कवडीमोल की घेणे हा उपाय नव्हे. अनधिकृत प्रॉडक्ट की विकणे किंवा पुरवणे हे जपानमध्ये अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्यातल्या दुरुस्तीने 29 नोव्हेंबर 2018पासून गुन्हा ठरले असून पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अशी की कंपनीने रद्द केली की घेणाऱ्याचे पैसे बुडाले.

गैरसमज : एकदा ॲक्टिवेट झाले की कायमचे

ॲक्टिवेशन जिवंत असते ते सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. अडोबीने क्रिएटिव्ह सूट 2चे सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा ते बसवणे अशक्य झाले असते. कंपनीने 2013च्या सुरुवातीला ॲक्टिवेशन न लागणारी आवृत्ती दिली, म्हणून निभावले. असे करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते.

म्हणून काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. लॅपटॉप विकण्याआधी, फॉरमॅट करण्याआधी, जपान सोडण्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअर डिॲक्टिवेट करावे किंवा खात्यातून ते यंत्र काढून टाकावे. पावती, की आणि खात्याचा ईमेल एकत्र ठेवावा. तो ईमेल नोकरीच्या कंपनीचा नसावा. मर्यादा संपल्याचा संदेश आला तर नवीन प्रत विकत घेण्याआधी ग्राहकसेवेला पावती पाठवून जुन्या जागा मोकळ्या करायला सांगावे. बऱ्याच कंपन्या हे करतात, पण विचारल्याशिवाय नाही. आणि खरेदीपूर्वी एवढे विचारा: परवाना माणसाला आहे की यंत्राला, आणि बंद पडलेले यंत्र मला घरबसल्या यादीतून काढता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्याकडून पर्याय असताना सॉफ्टवेअर घेऊ नका, आणि का घेतले नाही ते त्याला लेखी कळवा.